त्रेचाळीस मासोळ्यांचा बाजार

आमच्या आंजनबोडीचा बाजार एका मांजरीनं खाल्ला. हसू नका, हे मी पूर्ण जबाबदारीनं सांगते आहे. मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. गावाचा विकास आराखडा मीच टाइप केला, आणि मांजर बाजार खात होती तेव्हा मी पन्नास पावलांवर पंगतीत बसून वांग्याची भाजी खात होते. म्हणजे गुन्ह्यात आम्ही दोघीही होतो. पण ही गोष्ट माझी नाही आणि मांजरीचीही नाही. ही गोष्ट आहे रुखमाबाई दिघोरेची, आणि ती सांगताना मला अजूनही मध्येच हसू फुटतं, ते तेवढं सांभाळून घ्या.

आंजनबोडी चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाच्या कडेला. खेडं म्हणावं तर मोठं, शहर म्हणावं तर लोक हसतील. पूर्वी रस्ता गावातून जायचा आणि दर गुरुवारी बोडीच्या, म्हणजे आमच्या तळ्याच्या काठावर, चिंचांखाली बाजार भरायचा. मग नवा रस्ता गावाबाहेरून निघाला. एसटी फाट्यावरूनच जायला लागली. तिच्या मागं चहावाला गेला, शिंपी गेला, सायकलवाला गेला आणि शेवटी अख्खा बाजार उठून दीड किलोमीटरवर फाट्याला जाऊन बसला. तिथून दिवसभर खनिजाचे ट्रक जातात. लोक तिथून मेथी आणतात, घरी येऊन तिच्यावरची लाल धूळ धुतात, ट्रकवाल्यांच्या नावानं बोटं मोडतात आणि पुढच्या गुरुवारी परत तिथंच जातात.

बाजार गेला, रुखमाबाई गेली नाही.

ती ढिवराची. नवरा पोचू बोडीत जाळं टाकतो, ती मासोळ्या आणि झिंगे वाळवून विकते. सोळाव्या वर्षी राजुऱ्याकडून लग्न होऊन आली, आणि दुसऱ्याच गुरुवारी सासूनं तिला तिसऱ्या चिंचेखाली आपल्या शेजारी बसवलं. आता ती साठीला आली आहे. बाजार हलला तेव्हा ती म्हणाली, "बाजार काई कोंबडी हाय का, कोनीबी काखेत मारली अन् नेली?" आणि पुढच्या गुरुवारी टोपली घेऊन आपल्या जागेवर बसली. एकटी. त्याला सात वर्षं झाली.

नुसती बसायची नाही. सकाळी येऊन सगळं पटांगण झाडायची, आपल्या जागेपुरतं नाही, सगळं. मग पदर खोचून हाक द्यायची, "झिंगे घ्या वो, झिंगे! बोडीची मासोळी!" समोर दोन बकऱ्या आणि एक विजेचा खांब. गावातली एखादी बाई वाट वाकडी करून यायची, एखाद्या गुरुवारी तीही नाही. पोचूभाऊंना कोणी म्हटलं की जरा समजवा तिला, तर ते म्हणायचे, "घरी बसली तं मले बोलते. तिथीच बसू द्या."

आणि एक गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. दुपारी दोननंतर तिसऱ्या चिंचेची सावली सरकून शेजारच्या जागेवर जाते. ती जागा बांबूची सुपं-टोपल्या विणणाऱ्या लच्छूभाऊंची. आमच्या बाजारात कोणाच्या जागेला कागद नाही, पण दुसऱ्याच्या जागेवर कोणी बसत नाही. त्यामुळे शेजारी हातभर अंतरावर रिकामी गार सावली, आणि ही बाई डोक्यावर पदर घेऊन उन्हात. मी एकदा म्हटलं, "मावशी, सरक ना थोडी."

"थे लच्छूची जागा हाय."

"लच्छूभाऊ तं कवाचेच फाट्यावर गेले."

"म्हनून काय झालं? तीस साल थ्यानं माह्या जागेत वीतभर सुपं सरकवले, तीस साल मी थे मांगं ढकलले. आता मीच थ्याच्या जागेवर बसली तं थ्याले कोन्त्या तोंडानं बोलू?"

बोलू म्हणते, आणि दोघांचं बोलणंच बंद होतं. फाट्यावर जाताना त्यांनी हिला एका शब्दानं विचारलं नाही, एवढा राग. मला तेव्हा ती थोडी सटकलेली वाटायची. सरळच सांगते.

मागच्या दिवाळीनंतर आमच्या सरपंच उर्वशीताईंनी ठरवलं, यंदाचा आराखडा पंचायतीच्या खोलीत बसून करायचा नाही, गावानं करायचा. त्यासाठी भद्रावतीचा कुलदीप आला. गावनियोजन शिकलेला मुलगा, खांद्याला झोळी, आणि दर तिसऱ्या वाक्यात 'लोकसहभाग'. पण वाईट नव्हता. त्यानं शाळेच्या पटांगणात सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं की आपल्या गावाचा नकाशा तुम्हीच जमिनीवर काढा, घरात जे असेल त्यानं काढा.

आणि गाव पेटलं! जे लोक पंचायतीची पायरी चढत नाहीत ते घराकडे धावत सुटले. राख आली, तिचे रस्ते झाले. चिंचोक्यांची घरं झाली, तनसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, शेतं झाली. विहारासाठी निळ्या गोकर्णीची फुलं आली, देवळासाठी सुपारी, शाळेसाठी खडू. बोडीसाठी एका आजीनं निळं लुगडं अंथरलं आणि कोणी पाय देईल म्हणून तिथंच राखण करत बसली. दोन सख्खे भाऊ हातपंप कोणाच्या दारात दाखवायचा यावरून एकमेकांच्या अंगावर गेले आणि कुलदीप त्यांच्यामध्ये उभा राहून "छान, छान" म्हणत होता.

मग रुखमाबाई टोपली घेऊन आली. लुगड्याच्या काठाशी उकिडवी बसली आणि एकेक सुकी मासोळी मातीवर मांडायला लागली. "हे लच्छूचे सुपं. हा बांगडीवाला. हा गूळवाला, मेला बिचारा, पन जागा हाय थ्याची. हे कांताच्या मिरच्या." त्रेचाळीस दुकानं, त्रेचाळीस मासोळ्या, एकही नाव ती चुकली नाही. कांता म्हणजे माझी आई. फाट्यावरची धूळ आणि गुडघे यांना कंटाळून तिनं धंदा कधीच सोडला. चौथ्या चिंचेखाली तिची जागा होती हे मी साफ विसरले होते. मासोळी ठेवताना रुखमाबाईनं माझ्याकडं पाहिलं आणि मी मोबाइलमध्ये पाहिलं.

तेवढ्यात जेवणाची हाक आली. रुखमाबाई घरी गेली, बाकीचे पंगतीला. ठरलं असं होतं की नकाशाचा फोटो मी काढायचा आणि कुलदीपनं त्यावरून कागदावर उतरवायचा. पण बॅटरी उतरली होती. मी मोबाइल चार्जिंगला लावला, म्हटलं जेवून घेऊ, नकाशा काही पळून जात नाही. जगात दुसऱ्या कुठल्या गावानं आपला बाजार सुक्या मासोळीनं मांडून त्याच्याकडं पाठ करून जेवायला बसण्याचा पराक्रम केला असेल असं मला वाटत नाही.

परत आले तेव्हा शाळेच्या कट्ट्यावर एक पिवळी मांजर तोंड पुसत बसली होती. मी फोटो काढला. बोडीच्या काठी स्वच्छ माती होती. सांगायची लाज वाटते, पण मला काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. मला ती जागा सात वर्षं तशीच दिसत होती.

डिसेंबरात आराखडा छापून आला, रंगीत, गुळगुळीत कागदावर. घरं होती, विहार होतं, हातपंप दोन्ही भावांच्या दारात होता. आणि बोडीच्या काठावर लिहिलं होतं, 'रिकामी जागा. प्रस्तावित कचरा संकलन केंद्र.' येत्या गुरुवारी तालुक्याचे साहेब जागा मोजायला येणार आणि त्याच दिवशी ग्रामसभेत मंजुरी. आमची ग्रामसभा कशी असते तेही सांगते. शंभर माणसं लागतात, वीस येतात, सभा तहकूब होते. तहकूब सभेला माणसांची अट नाही, त्यामुळे पुढच्या वेळी पंधराजण चहा पितात आणि सगळं मंजूर होतं. इतकी वर्षं मी ते टाइप करते आहे.

नकाशा भिंतीवर चिकटवत असताना रुखमाबाई आली. तिला अक्षर वाचता येत नाही, पण तिनं बोडी बरोबर ओळखली. निळ्यावर बोट ठेवलं, काठाकाठानं फिरवलं आणि थांबली.

"माहा बाजार कुठी हाय?"

मी नकाशा पाहिला. मग मोबाइलमधला फोटो मोठा करून पाहिला. कोपऱ्यात कट्ट्यावरची मांजर दिसली, डोळे मिटून, तृप्त. मी सगळं सांगून टाकलं, मासोळ्या, मांजर, वांग्याची भाजी, आणि तिथं आता गावाचा कचरा येणार हेही.

मला वाटलं ती रडेल. ती हसली. टेबल धरून खाली बसेपर्यंत हसली. "मांजरीनं खाल्ला? अख्खा? गूळवाला बी?" मलाही हसू आवरेना. आम्ही दोघी पंचायतीच्या फरशीवर बसून डोळे पुसत होतो, शिपाई दारातून बघत होता. मग ती एकदम थांबली.

"मांजरीले समजलं, इथी बाजार हाय. तुमाले नाई समजलं."

ते मला लागलं. लागायलाच हवं होतं. सात वर्षं ती एकटी जे सांभाळत होती ते मी एका दुपारी पुसून टाकलं होतं, आणि गुरुवारी त्यावर शिक्का बसणार होता.

"सभेले किती मानसं लागते?" तिनं विचारलं.

"शंभर."

"कुठी घेता सभा?"

"इथीच. पंचायतीसमोर."

"अन् नोटीस कोन लिवते?"

"मी."

तिचा बेत माझ्या लक्षात आला. मी उर्वशीताईंना फोन लावला. त्या आधी "अगं माय" म्हणाल्या, मग पोटभर हसल्या, मग म्हणाल्या, "लिही." मी नोटिशीत ठिकाण टाइप केलं, 'जुने बाजार पटांगण, बोडीकाठ.' आयुष्यात पहिल्यांदा मला टाइप करताना मजा आली.

चार दिवस होते. रुखमाबाई दारोदार फिरली आणि सभेचं नावही काढलं नाही. "सभेले या म्हटलं तं कोनी येत नाई," ती मला म्हणाली, "बाजाराले या म्हटलं तं खाटेवरची म्हतारी उठून येते." प्रत्येक दारात तिचं एकच बोलणं. परसात जे जास्तीचं असल थे घेऊन ये, तुह्या सासूची जागा दुसऱ्या चिंचेखाली हाय, मी झाडून ठेवतो. आपल्या सासूची जागा कोणीतरी सात वर्षं झाडते आहे हे लोकांना माहीतच नव्हतं.

शेवटी लच्छूभाऊंचं घर. मीही गेले, प्रायश्चित्त म्हणून म्हणा. ते दारात बसून कोयत्यानं बांबूच्या कामट्या तासत होते. ही उभी, ते बसलेले, मध्ये मी.

"लच्छूभाऊ, गुरुवारी बाजार हाय."

"असतेच. फाट्यावर."

"फाट्यावर गर्दी असते. बाजार बोडीवर हाय."

"बोडीवर कोन असते? तू अन् बकऱ्या."

कोयता चालूच. रुखमाबाई एक पाऊल पुढं सरकली. मग म्हणाली, "वीतभर जागा तुही. माह्याकडची. घे सरकवून. मी काई म्हननार नाई."

कोयता थांबला. ज्या वीतभरासाठी दोघांनी तीस वर्षं एकमेकांच्या सात पिढ्या काढल्या, ती ही बाई दारात उभी राहून देऊन टाकत होती. लच्छूभाऊंनी कामटी खाली ठेवली, पंच्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "बसा वो रुखमाबाई. चाय घ्या."

परत येताना तिनं माझा हात धरला होता. "गेली वीतभर," ती म्हणाली. थोडं चालल्यावर म्हणाली, "पन एकटं बसून बसून बेज्या कंटाया आला होता वो पोरी." सात वर्षांत तिनं हे कोणाला कळू दिलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता पटांगणात रुखमाबाई, मी आणि बकऱ्या. मी सारखी वाटेकडं बघत होते. साडेनऊला लच्छूभाऊ आले, सायकलवर सुपांची एवढी चळत की माणूस दिसेना. मग माझी आई आली, गुडघे धरत, मिरच्यांची पिशवी घेऊन, मला घरी काही न सांगता. चौथ्या चिंचेखाली बसली आणि मलाच म्हणाली, "बाजूले हो, गिऱ्हाईक दिसत नाई."

त्यानंतरचं मला नीट क्रमानं सांगता येणार नाही. पपया आल्या. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा आल्या, अंडी, केरसुण्या, लाखोळीची भाजी आली. जंगलातल्या टोल्यावरून, म्हणजे पाड्यावरून, बुधरीबाई डिंक आणि मोहफूल घेऊन आली आणि कोणाची जागा चुकून घेऊ नये म्हणून रुखमाबाईला विचारून बसली. विकायला आलेले एकमेकांकडूनच घ्यायला लागले. बघायला आलेले पिशव्या आणायला घरी पळाले. फाट्यावर गिऱ्हाईक का नाही हे बघायला भजेवाला आला आणि अर्ध्या तासात कढई घेऊन परत आला.

अकराला उर्वशीताईंनी सभा सुरू केली. त्या म्हणाल्या, "विषय क्रमांक एक," आणि मागून आवाज आला, "वांगे कसे दिले?" तेवढ्यात तालुक्याचे साहेब रिकामी जागा मोजायला आले. टेपचं एक टोक शिपायानं चिंचेला धरलं, दुसरं घेऊन साहेब निघाले. तेरा पावलांवर पपईवालीनं अडवलं. वळसा घातला तर कोंबड्या. तिथून वळले तर टेप लच्छूभाऊंच्या सुपांत अडकली आणि सगळी चळत कोसळली. घामाघूम होऊन त्यांनी मला विचारलं, "ती रिकामी जागा नेमकी कुठं आहे?"

"साहेब," मी म्हटलं, "मी बी थेच शोधून राह्यली."

बाजार इथंच राहावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, असं उर्वशीताई म्हणाल्या. वर गेलेल्या हातांत मुळे होते, लौकी होती, एक सूप होतं. कुलदीप मोजत होता आणि चुकत होता, कारण काहींनी दोन्ही हात वर केले होते. एका बाईच्या हातातल्या कोंबडीनं पंख पसरले तेव्हा तो मला म्हणाला, "हिचं मत धरायचं का?" नोंदवहीत दोनशे चौदा सह्या आणि अंगठे झाले. त्या वहीला अजून मासोळीचा वास येतो. ती कपाटात कुलपात ठेवावी लागते, नाहीतर पिवळी मांजर तिच्याभोवती घुटमळते.

कचऱ्यासाठी लोकांनीच जुन्या मुरुमाच्या खाणीकडची जागा सुचवली. बायकांनी नळ आणि संडास मागितला, गुरुवारी एसटीची एक फेरी गावात वळवा असा ठराव झाला. कुलदीपनं तिथंच उभ्यानं बाजाराचे त्रेचाळीस चौकोन काढले, या वेळी पेनानं. उर्वशीताई रुखमाबाईला म्हणाल्या, तुम्हीही दोन शब्द बोला. ती म्हणाली, "मले येळ नाई, गिऱ्हाईक हाय." साहेबांनी शेरा लिहिला, 'प्रत्यक्ष पाहणीत जागा रिकामी आढळून आली नाही,' आणि दोन पपया घेऊन गेले.

पुढं शिंप्यानं गावातलं दुकान परत उघडलं, एसटी वळली, ते सगळं झालं. पण मला सांगायचा आहे तो सभेनंतरचा लगेचचा गुरुवार. एका दिवसाची जत्रा कोणीही भरवतं. दुसऱ्यांदा लोक आले तरच तो बाजार. त्या सकाळी मी पंचायतीतून निघायलाच घाबरत होते. चौकापर्यंत आले तर बोडीकडून भांडणाचा आवाज. मी चपला हातात घेऊन पळाले.

पटांगण भरलेलं होतं. तिसऱ्या चिंचेखाली रुखमाबाई कंबर कसून उभी होती, हातात केरसुणी. "वीतभर म्हनलं होतं! हे दोन वीत हाय!"

"तुही वीतच लहान हाय!" लच्छूभाऊ ओरडले.

"आन तुहा हात, मोजून दाखव!"

दोघं खाली वाकून जमिनीवर आपापली वीत मोजायला लागले. अर्धा बाजार हिच्या बाजूनं, अर्धा त्यांच्या. माझी आई चौथ्या चिंचेखालून, जागचं न उठता, दोघांनाही चेतवत होती. मी मध्ये पडले. म्हटलं, "मावशी, जाऊ दे ना. वीतभरच तं हाय."

रुखमाबाईनं मान वर केली. चेहरा असा फुललेला मी तिचा कधी पाहिला नव्हता.

"चूप राय," ती म्हणाली. "सात साल झाले, मले भांडाले कोनी नोतं."

दुपारी दोनला सावली सरकली. लच्छूभाऊंनी चार सुपं उचलून पलीकडे ठेवली. रुखमाबाई टोपली घेऊन त्यांच्या सावलीत सरकली, नीट बसली, आणि तिथून पुन्हा भांडायला लागली.